दहावा शॉर्टकट

शर्वरी चौगुले पोटापाण्यासाठी नक्की काय करते हे तिच्या मावश्यांना चौदा वर्षांत कळलं नव्हतं, आणि त्यात मावश्यांची काही चूक नव्हती. पुण्यातली एक कंपनी पुस्तकं आणि चित्रं मांडायचं सॉफ्टवेअर बनवायची. त्या अवाढव्य सॉफ्टवेअरमधला एकच कोपरा शर्वरीकडे होता, शॉर्टकटचा. कीबोर्डवर दोन-तीन की दाबल्या की काम होतं, एवढंच आपल्याला दिसतं. त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. मोठंसं हे, की दाबलेली की कोणी उचलायची यावरून आत भांडण असतं. समोरची चौकट म्हणते माझी, तिच्या मागची खिडकी म्हणते माझी, मुख्य प्रोग्राम म्हणतो माझी. ज्याने आधी उचलली त्याने ती गिळली, आणि मागच्यांना पत्ताही लागत नाही. ही भांडणं सोडवायचं काम शर्वरी मिरजेत, घरच्या माडीवर बसून करायची आणि झकास करायची.

तिला हा नाद लावला तो अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी. रघुवीर चौगुले यांचं स्टेशन रोडला अक्षरजुळणीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दहाव्याची कार्डं, काय म्हणाल ते. त्यांच्या उमेदीच्या काळात मराठी जोडाक्षरं कीबोर्डवर सरळ यायची नाहीत. प्रत्येकासाठी एक की दाबून धरून चार आकडी नंबर मारावा लागे, आणि अण्णांना असे दोनशे नव्वद नंबर तोंडपाठ होते. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता डावा हात आपला चालूच असायचा. लहानगी शर्वरी स्टुलावर बसून ती बोटं बघायची.

मग ती बोटंच गेली. पहिल्यांदा डाव्या हातातून कप सुटला, मग शर्टाची बटणं लागेनात, मग जीभ जड झाली. डॉक्टर रेहाना नदाफ मेंदूविकारातल्या नावाजलेल्या बाई, घरच्यासारख्या. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. मेंदू स्नायूला हुकूम सोडतो तो नसांच्या बारीक तारांतून जातो. या आजारात त्या तारा एकेक करून मरतात. बुद्धी शाबूत राहते, ऐकू येतं, दुखतं, सगळं कळतं, फक्त हुकूम पोहोचत नाही. बहुतेकांचे डोळे शेवटपर्यंत हलतात आणि डोळ्यांनी बोलता येतं. अण्णांच्या पापण्या मात्र लवकर पडल्या, त्यामुळे तोही मार्ग बंद झाला.

२०४० साली त्यावर एक उपाय होता. बोट हलणं थांबतं तेव्हा सगळ्या तारा मेलेल्या नसतात. शंभरातल्या दोन-तीन उरतात, हुकूम वाहून नेतात, पण तेवढ्याने स्नायू हलत नाही. कातडीवर लावलेला एक पट्टा त्या दोन-तीन तारांमधली वीज टिपतो. माणूस बोट हलवायचं मनात आणतो, बोट जागेवरच असतं, आणि पट्ट्याला ते कळतं. अण्णांच्या हातावर आणि हनुवटीखाली असे पट्टे बसले तेव्हा तीन खुणा स्वच्छ मिळाल्या: उजवा अंगठा, डावी तर्जनी आणि जबडा. तीन की असलेला कीबोर्डच म्हणा. सोबत मिळालेलं सॉफ्टवेअर शर्वरीला भिकार वाटलं, तेव्हा तिने स्वतः लिहायला घेतलं. अण्णांनी आपला आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, त्यामुळे मशीन त्यांच्याच आवाजात बोलणार होतं.

अण्णांची जीभ थोडी वळत होती तेव्हाच बापलेक समोरासमोर बसले. अक्षर-अक्षर जुळवायचं तर एका शब्दाला पाव तास लागे आणि माणूस घामाघूम होई. त्यापेक्षा शॉर्टकट बरे. क्रम धरून, आणि तीच खूण दोनदा चालते असं धरून, तीन खुणांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात नऊ. म्हणजे नऊ वाक्यं. उरलेलं आयुष्य नऊ वाक्यांत बसवायचं होतं. हो, नाही, ठीक आहे, दुखतंय, कूस बदला, घसा साफ करा, पेपर वाचून दाखवा, आणि बायकोला हाक मारायला ‘शैला’. ही आठ झाली. नवव्या जागी ‘खोडा’ ठेवा, चुकलं तर परत घेता यायला हवं, असं शर्वरीने जीव तोडून सांगितलं. अण्णा ऐकेनात. दुकानात आलेला माणूस चहाशिवाय गेला असं तीस वर्षांत झालं नाही, आता घरी भेटायला येतील त्यांचं काय? नववं वाक्य ठरलं, ‘चहा करा सगळ्यांना.’ आई हसली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

आई गेल्यावर अण्णांनी शर्वरीला जवळ बोलावलं. बोलणं आता घोगरं आणि तुटक येत होतं, तिला कान जवळ न्यावा लागला.

“अजून एक पाहिजे. ‘बास. आता मशीन नको.’”

एक दिवस श्वास बंद पडणार होता. तेव्हा गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावता येतं आणि माणूस पुढे वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. आज काय सांगू, तेव्हा मला काय वाटेल ते तेव्हाच कळेल, असं अण्णांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी वकिलासमोर कागद केला. वेळ येईल तेव्हा मलाच विचारा. ‘ठीक आहे’ आलं तर मशीन लावा, दहावं वाक्य आलं तर लावू नका. नुसत्या हो-नाहीवर जाऊ नका, ते चुकून दाबलं जातं. नव्या कायद्याने अशा रुग्णाच्या मशीनमधून आलेलं वाक्य त्याची सही धरलं जात होतं, तेव्हा हा कागद पक्का होता.

दहाव्यासाठी जोडी शिल्लक नव्हती, म्हणून तीन खुणा ठरल्या. ते बरंच होतं. जी गोष्ट परत फिरवता येत नाही तिला एक की जास्त ठेवायची, ही तर शर्वरीच्या धंद्यातली रीतच. उजवा अंगठा सगळ्यांत टिकाऊ, म्हणून अंगठा-अंगठा-जबडा. पण नुसतं अंगठा-अंगठा म्हणजे ‘ठीक आहे’. मग दोनदा अंगठा आला की मशीनने काय करायचं? लगेच ‘ठीक आहे’ म्हणायचं, की जबडा येतो का बघायचं? हा जुना प्रश्न शर्वरीने शंभरदा सोडवला होता. थोडं थांबायचं. तिने दोन सेकंदांची थांब ठेवली.

अडचण आली ती आईकडून. दोन महिन्यांनी ती कुरकुरायला लागली, की यांना विचारलं पेज घातली ती बरी आहे का, तर हो म्हणायचं असलं तर चटकन येतं, आणि ठीक आहे म्हणायला हे मशीन आढेवेढे घेतं. तेवढ्यात माझ्या जिवाचं पाणी होतं गं. शर्वरीला ते लागलं. आपण बनवलेली गोष्ट माणसाला ताटकळत ठेवते, यापेक्षा मोठी नामुष्की तिला माहीत नव्हती. तिने थांब अर्ध्या सेकंदावर आणली आणि दहावा शॉर्टकट स्वतःच्या बोटांनी वीसदा मारून पाहिला. वीसच्या वीस वेळा तो लागला. लागणारच, बोटं तिची होती, पस्तीस वर्षांची, ठणठणीत.

तिच्या लक्षात आलं नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खरं सांगायचं तर तिला तो दहावा नकोच होता. अण्णांची बोटं पुढे आणखी सावकाश होणार हे तिला कळत होतं, त्या दिवशी ते मनात डोकावूनही गेलं, आणि पुढे बघू म्हणून तिने मशीन बंद केलं. ते पुढे तिने कधी बघितलं नाही.

जूनमध्ये श्वास अडकायला लागला. डॉक्टर नदाफ दोन साक्षीदार घेऊन घरी आल्या. कागद वाचला गेला. आई पलंगाच्या कडेला अण्णांचा पाय धरून बसली होती. डॉक्टरांनी वाकून स्पष्ट शब्दांत विचारलं, की रघुवीरभाऊ, मशीन लावायचं का?

मग अण्णांचा जुना, दुकानातला आवाज खोलीत आला.

“ठीक आहे.”

आईने तोंडावर पदर दाबला. तेवढ्यात मशीन पुन्हा बोललं, “चहा करा सगळ्यांना.” आणि लगेच, “नाही.”

साक्षीला आलेले शेजारचे निवृत्त मास्तर हसले, डॉक्टरही हसल्या. एवढ्या मोठ्या निर्णयाच्या क्षणीही माणूस चहा विचारतो! ते ‘नाही’ कशाला, यावर आई म्हणाली, मला नाही म्हणतायत, पिता येत नाही ना. पद्धत म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि तीच तिन्ही वाक्यं त्याच क्रमाने आली. कागदात हो-नाही धरायचं नाही असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी ‘ठीक आहे’ लिहून घेतलं, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि आईने आलं घालून चहा केला. शर्वरी दोन कप प्यायली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या आजारात रडणं उगीच येतं, ताबा राहत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आईने ते नुसतं टिपलं.

पुढचे दहा महिने घर सुखाचं म्हणावं असं होतं. मशीन छाती वरखाली करायचं. अण्णा दिवसातून कितीतरी वेळा म्हणायचे, “ठीक आहे. चहा करा सगळ्यांना. नाही.” येणाऱ्याजाणाऱ्यांत हे प्रसिद्ध झालं. लोक मुद्दाम मुलांना घेऊन यायचे, बघा, माणूस कसा आनंदात राहतो. आई खरोखर चहा करायची, पाहुणा नसला तर स्वतःपुरता. तिचं वजन वाढलं, ती दुपारी झोपायला लागली. मध्येच नुसतं ‘नाही’ यायचं, तेव्हा सगळे विचारायचे, काय नाही? कूस नको? पेपर नको? उत्तर मिळायचं नाही. मशीन नको का, हे कोणी विचारलं नाही. तो विषय झाला, कागदावर सह्या झाल्या, आता कशाला जखमेवरची खपली काढायची, असं मायलेकींचं न बोलता ठरलं होतं. दिवाळीनंतर तर्जनीची खूण गेली. मार्चअखेर जबडाही गेला, आणि अंगठा तेवढा उरला.

एप्रिलच्या एका सकाळी शर्वरीच्या कामाच्या यादीत एक तक्रार आली. कराडचे कुणी नकाशे काढणारे म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी अगदी अदबीने लिहिलं होतं. माझी बोटं संधिवाताने सावकाश चालतात. तीन कींच्या आज्ञेतली तिसरी दाबेपर्यंत तुमचं सॉफ्टवेअर पहिल्या दोनांवर समाधान मानून निघून गेलेलं असतं. मग तिसरी की पुढच्या कीला जाऊन चिकटते आणि भलतंच काहीतरी होतं. कृपया म्हाताऱ्यांचा विचार करावा.

शर्वरीने ठरलेलं उत्तर लिहायला घेतलं. आपण थांब वाढवून पाहावी, एवढं लिहिलं आणि तिला अण्णांच्या मशीनची अर्ध्या सेकंदाची थांब आठवली.

पट्ट्यांनी टिपलेली प्रत्येक खूण मशीनमध्ये जशीच्या तशी साठत होती. तिने ती यादी आजवर उघडलीच नव्हती, कारण शेवटी बोललेली वाक्यं होतीच की. तिने जूनचा तो दिवस काढला. डॉक्टरांनी विचारल्यानंतर सहा खुणा होत्या. अंगठा, अंगठा, जबडा. अंगठा, अंगठा, जबडा. जबडा दर वेळी पाऊण सेकंद उशिरा. अर्ध्या सेकंदात मशीनने पहिल्या दोन उचलून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. उरलेला जबडा जोडीदाराची वाट बघत थांबला आणि पुढच्या अंगठ्याला चिकटला. जबडा-अंगठा म्हणजे ‘चहा करा सगळ्यांना’. मागे राहिलेले अंगठा आणि जबडा मिळून झालं ‘नाही’.

दोनदा म्हटलेलं ‘बास’ मशीनने तीन तुकड्यांत तोडून सांगितलं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर पुन्हा त्याच सहा खुणा होत्या. तिने महिन्यामागून महिना खाली सरकवत नेला. जुलै, ऑगस्ट, गणपतीचे दिवस, दिवाळी. सावकाश होत जाणाऱ्या त्याच तीन खुणा. शेवटी शेवटी जबड्याला चार सेकंद लागत होते, तरी तो यायचाच. एकूण दोन हजार एकशे सात वेळा. शेवटची वेळ एकोणीस दिवसांपूर्वीची होती. एकोणीस दिवस आधी तिने यादी उघडली असती, थांब वाढवली असती, तर अण्णांनी एकदा म्हटलं असतं आणि झालं असतं. ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली आणि तोंड धुऊन खाली गेली.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. शर्वरीने समोर बसून सगळं सांगितलं, सोपं करून, कागदावर खुणा काढून. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही. तिला कळलं की नाही असं वाटून शर्वरी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, तेव्हा आईने तिचा हात धरला.

“कळलं. म्हणजे ते रोज मला नको म्हणत होते, आणि मी रोज उठून चहा करत होते.”

“आई, चूक माझी आहे.”

“तुझी तर आहेच,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी रोज त्यांच्याशी बोलायचे गं. मला वाटायचं, हे सुखात आहेत. तू मला दहा महिने काय दिलंस, शरू?”

आईने निवडलेली मेथी तशीच झाकून ठेवली आणि त्या दिवसापासून ती लेकीशी कामापुरतंच बोलायला लागली.

डॉक्टर नदाफांनी यादी दोनदा पाहिली. त्या चष्मा पुसत म्हणाल्या की त्या चहाचा कप मीही घेतला होता. त्यांनी टाळाटाळ केली नाही. लावलेलं मशीन काढायचं तर जिल्ह्याच्या समितीची परवानगी लागे, आणि त्या शर्वरीला घेऊन समितीपुढे गेल्या.

तिथली माणसं वाईट नव्हती, हेच वाईट होतं. समितीच्या तिघांनीही यादी बारकाईने वाचली. अध्यक्ष बाई फार सौम्यपणे बोलल्या. कायदा मशीनमधून आलेल्या वाक्याला सही मानतो, आतल्या खुणांना नाही. ते वाक्य चुकीचं निघालं असं आम्ही म्हटलं, तर राज्यभरात अशा मशीनमधून बोलणाऱ्या सगळ्यांच्याच बोलण्यावर संशय येईल, त्यांनी केलेली मृत्युपत्रं, दिलेल्या संमत्या, सगळ्यांवर. आणि या खुणांचा अर्थ लावणार कोण? ज्यांनी ते चुकीचं सॉफ्टवेअर लिहिलं त्याच. तरी त्यांनी एक दार उघडं ठेवलं. तुमचे वडील आज शुद्धीत आहेत ना? मग आजच विचारा. आम्ही येऊन बघतो.

समिती घरी आली. पण उरलेल्या अंगठ्याची खूण एकदा आली की नस दमायची, पुढची खूण यायला कधी दहा मिनिटं लागत, कधी चाळीस. ‘हो’साठी एकदा आणि ‘नाही’साठी दोनदा, असं काही जमण्यासारखं नव्हतं. शर्वरीने दुसरी युक्ती काढली. प्रश्न एकच, मशीन काढायचं का; पहिला तास ‘हो’चा, दुसरा तास ‘नाही’चा, ज्या तासात खूण येईल ते उत्तर. तिने अण्णांच्या कानाशी सगळं नीट समजावून सांगितलं, की अण्णा, आता तुमचं खरं म्हणणं सांगायची वेळ आहे, मशीन नको असेल तर फक्त पहिल्या तासात. ‘हो’च्या तासात खूण चार वेळा आली. ‘नाही’च्या तासात तीन वेळा आली.

अध्यक्ष बाईंनी नोंद केली आणि निघताना शर्वरीच्या खांद्यावर हात ठेवला.

“ज्या माणसाला एकच उत्तर देता येतं, त्याचं उत्तर आम्हाला धरता येत नाही. माफ करा.”

आता त्या एका अंगठ्याला एकच वाक्य देता येत होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला काय विचारतेस, तुझं मशीन आहे. शर्वरीने त्या जागी अण्णांचं दहावं वाक्य घातलं. कायदा ऐको न ऐको, आपल्या बापाने दोन हजार वेळा म्हटलेली गोष्ट या घरात एकदा तरी धड ऐकू यायला हवी, असं तिला वाटलं. पंचवीस मिनिटांनी अण्णांचा खणखणीत आवाज आला, “बास. आता मशीन नको.” आई भिंतीला धरून दारात उभी राहिली. शर्वरी म्हणाली, ऐकलं, अण्णा. आणि ती पहिल्यांदाच मोकळेपणाने त्यांच्याकडे बघू शकली.

ते समाधान जेमतेम दिवसभर टिकलं. वाक्य येतच राहिलं. सकाळी अंग पुसताना आलं, मास्तर पेपर वाचत होते तेव्हा आलं, आई उशाशी बसून तिच्या माहेरच्या लग्नाचं सांगत होती तेव्हा आलं. घरी येणारे येईनासे झाले. तिसऱ्या दिवशी अंग पुसायला येणाऱ्या सिस्टरनी कूस बदलली तर पाठीखाली चादरीची घडी रुतून कातडं सोललेलं निघालं. सकाळपासून सहा वेळा ‘बास’ आलं होतं, आणि सहाही वेळा शर्वरीने मान हलवून ऐकलं म्हटलं होतं. ते कदाचित ‘दुखतंय’ म्हणत असतील. कदाचित ‘शैला’ म्हणत असतील. काहीही म्हणायचं असलं तरी त्यांच्या तोंडून ‘बास’च येणार होतं, कारण तेवढं एकच तिने त्यांना दिलं होतं. दहा महिने तिच्या मशीनने त्यांचं ‘बास’ गिळलं, आता बाकीचं सगळं गिळत होतं. यातून सुटायचा रस्ता तिला दिसेना, आणि तो नव्हताच.

चौथ्या दिवशी सकाळी आई आली आणि म्हणाली, “काढ तो पट्टा.”

“आई, मग त्यांना काहीच म्हणता येणार नाही.”

“आता तरी कुठे येतंय? काढ. माझ्याच्याने ऐकवत नाही, आणि ठीक आहे घातलंस तर तेही ऐकवणार नाही.”

शर्वरीने पट्टा सोडला. खाली हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. आईने तिथे खोबरेल चोळलं, मग अण्णांचा अंगठा आपल्या मुठीत घेऊन ती पलंगाशी बसली. श्वासाचं मशीन ठरल्या वेळी छाती वर उचलत होतं आणि खाली सोडत होतं. शर्वरी पट्टा हातात धरून उभी होती. बऱ्याच वेळाने आईने मान वर केली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच लेकीशी मऊ आवाजात बोलली.

“आत्ता काही म्हणाले का गं ते?”

“माहीत नाही, आई.”

आईने मूठ जरा घट्ट केली आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलं.